तीन-तीन, पुढून पाहा नाहीतर मागून

बापूराव, आधी माझी तक्रार ऐक. तू गेलास आणि माझ्या थापा पोरक्या झाल्या.

परवा कापसाच्या यार्डासमोरच्या टपरीवर मी सांगितलं, "बापूरावच्या मयतीले अशी गर्दी, अशी गर्दी, का पुढचं टोक घाटावर पोचलं तवा मागचं टोक अजून रेल्वे फाटकाच्या पलीकडं होतं." सांगितलं आणि थांबलो. सवयीनं थांबलो. कपात फुंकर घातली आणि तुला बोलायला जागा ठेवली. तू असतास तर मिशीतल्या मिशीत म्हणाला असतास, "फाटक बंद होतं म्हून." बस, एवढंच. टपरी खदखदून हसली असती, आणि गर्दी मात्र गावाच्या लक्षात कायमची राहिली असती. पण तू नव्हतास. मधू टपरीवाल्यानं गंभीर चेहरा केला आणि म्हणाला, "खरं हाय जी. लय मोठा माणूस होता." बाकीच्यांनीही माना हलवल्या. बापूराव, उभ्या आयुष्यात माझ्या गोष्टीवर कोणी अशी मान हलवली नव्हती. मित्र गेलाय बिचाऱ्याचा, बोलू द्या, असं समजून हे लोक माझं ऐकून घेताहेत. मला शिव्या चालतात, टवाळी चालते. हे असं ऐकून घेणं नाही सोसत.

म्हणून म्हटलं, ज्यानं खोडायचं त्यालाच लिहावं.

हे वाचणारे आणखीही कोणी असतील, त्यांच्यासाठी थोडं सांगून घेतो. तोवर तू जांभई दे. सिंदी रेल्वेत माझं मंडप-डेकोरेशन. लग्न असो, तेरवी असो, नाहीतर रेल्वे मैदानावरची फुटबॉलची स्पर्धा असो, माईक माझ्या हातात. मैदानावर खेळायची आपली काटकुळी पोरं, पण माझ्या भोंग्यातून ऐकणाऱ्याला वाटायचं, दोन्हीकडून पलटणी उतरल्या आहेत. आणि तू जिनिंगमधला कापसाचा ग्रेडर. गाडी यार्डात शिरली की वरचा पांढराशुभ्र कापूस तू बघायचाही नाहीस. कोपरापर्यंत हात आत खुपसायचास, तळातून एक पुंजका ओढायचास, सरकी काढून टाकायचास आणि दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळूच ताणायचास. धागा किती लांब येतो, कुठं तुटतो, ते बघायचास. मग गालाला लावून ओल बघायचास. मग एकच शब्द बोलायचास आणि पुंजका गाडीत परत फेकायचास.

क्वचित कधी, हंगामात एखाद्या वेळी, असा कापूस यायचा की तू काहीच बोलायचा नाहीस. पुंजका शर्टाच्या खिशात घालायचास आणि पुढच्या गाडीकडे वळायचास. अख्ख्या यार्डाला ठाऊक होतं, बापूरावच्या खिशात गेलं ते सोनं. कापूसवाला मिशीला पीळ देत घरी जायचा. फक्त तुझ्या घरी कुसुमवहिनींना या गोष्टीचं कौतुक नव्हतं. शर्ट धुताना खिसे उलटे करून त्या अंगणातून ओरडायच्या, "हा खिसा होय का उशी होय?"

तीच चिमटी तू फुटबॉलवाल्यांना लावलीस. जगात लोक खेळाडूंचे गोल मोजतात, कप मोजतात. सिंदीच्या टपरीवर त्यांची ग्रेड ठरायची. मधूचा जीव पोर्तुगालच्या पैलवानावर. तू म्हणायचास, "धागा लांब, पण कचरा लय. दर गोलानंतर कपडे काढते." ब्राझीलच्या जुन्या राजाचं नाव निघालं की तू हात जोडायचास, पण ग्रेड द्यायचा नाहीस, कारण त्याला तू खेळताना बघितलं नव्हतंस. "गाडी डोळ्यानं पाह्यल्याबिगर ग्रेड देत नसतो." फ्रान्सचं ते वाऱ्यावर स्वार झालेलं पोरगं तुला आवडायचं. "ओल हाय थोडी. वाळू द्या." आणि एकदा ग्रेड बोललास की संपलं. दुसऱ्या दिवशी तोच माणूस पाच गोल करो की आकाशात उडो, तू बदलायचा नाहीस. मी म्हणायचो, बापूराव, चूक झाली म्हणायला काय जातं? तर तू म्हणायचास, "दुपारी ग्रेड बदलला तं सकायच्या गाड्यावाल्याईनं काय समजाचं?" सकाळच्या गाड्यांची एवढी काळजी करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आणि सगळ्यांच्या वर, सगळ्या देशांच्या सगळ्या दहा नंबरवाल्यांच्या वर, तुझा बब्बू. रेल्वे क्वार्टरमधल्या पॉइंट्समनचा पोरगा, अनवाणी खेळणारा, आपल्या जवानीतला. जगानं त्याला पाहिला नाही, हा तुझ्या मते जगाचा आळशीपणा. या एका बाबतीत तुझं-माझं पटायचं, कारण बब्बूची सर्वात मोठी गोष्ट माझी होती.

सांगू पुन्हा? सांगतोच. तू ऐकायला नाहीस म्हणून काय झालं.

स्पर्धेची फायनल. रेल्वे मैदान. मैदानाच्या कडेला सायडिंग आणि तिच्यावरून कोळशाची मालगाडी धडधडत निघालेली. बब्बूनं अर्ध्या मैदानातून असा फटका हाणला की बॉल गोलाच्या दांडीवरून, बाभळीवरून, कावळ्यांच्या घरट्यावरून गेला आणि धावत्या गाडीच्या उघड्या वाघिणीत पडला. बॉल गेला बल्लारशाला. आता दुसरा बॉल कुठून आणायचा? तर दोन्ही संघ मैदानातच बसून राहिले. घरून डबे आले, तिथंच जेवले, तिथंच झोपले. दुसऱ्या दिवशी तीच गाडी परत आली, गार्डानं इमानदारीनं बॉल बाहेर फेकला, आणि बब्बू बसल्या जागेवरून उठला, बॉल जमिनीला टेकू दिला नाही आणि तसाच गोलात घातला. रेफरीनं घड्याळ बघितलं, म्हणाला, अजून एक मिनिट बाकी आहे.

ही गोष्ट मी किती वेळा सांगितली असेल! माझ्या लेकाच्या लग्नात वऱ्हाडाला सांगितली, तेव्हा नवरदेव बोहल्यावर ताटकळला. आणि दरवेळी तू शेवटपर्यंत गप्प. गोष्ट संपली, लोक माझ्या तोंडाकडे आणि मग तुझ्या तोंडाकडे बघू लागले, की तू सुपारी कातरत म्हणायचास, "बाकी ठीक हाय. पण मालगाडी उभी होती."

एवढंच खोडायचास तू. मला आधी राग यायचा. मग एक दिवस, सेलूच्या पाव्हण्यांसमोर, माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कापूस तळातून काढून बघणारा माणूस म्हणतोय की गाडी उभी होती. म्हणजे त्यानं बाकी सगळं तपासलं आणि पास केलं! पाव्हणे माना डोलवत गेले. उभ्या गाडीतून बॉल बल्लारशाला कसा पोचला, हे एकाही शहाण्यानं विचारलं नाही. बापूराव, माझ्या थापांना गावात जी पत होती, ती सगळी तुझी होती. मी फुगवायचो, तू हलकेच एक टाचणी लावायचास, आणि फुगा फुटण्याऐवजी आणखी वर जायचा. तुला ते कळत होतं का? मला कायम संशय होता. विचारायचं राहून गेलं.

आता बुटक्याचं.

अर्जेंटिनाच्या बुटक्यावर माझा जीव. का, ते काय सांगू? आपल्यासारख्या अंगापिंडाचा माणूस, आणि धिप्पाड लोकांच्या मधून असा निघतो जसा आठवडी बाजारातून भरली सायकल घेऊन दूधवाला निघतो. तो अगदी कोवळा होता तेव्हा मधूच्या टीव्हीवर मी तुला पहिल्यांदा दाखवला. नेमका तो पडला. उठला, पुन्हा पडला. तू चिमूट हवेत ताणलीस आणि म्हणालास, "आखूड धागा. दिसाले पांढरा, पण ताणला का तुटते."

झालं. लागला शिक्का. त्यानंतर त्या माणसानं जगातले सगळे गोल केले. मी दर गोलाला तुझ्या घरासमोरून हॉर्न वाजवत जायचो. तू बाजेवरून म्हणायचास, "आखूड." तो एकदा जगाची फायनल हरला तेव्हा तू माझ्याकडे आलास, माझ्या खांद्यावर हात ठेवलास, मला वाटलं सांत्वनाला आलाय. तर म्हणालास, "तुटला नं?" त्या दिवशी मी तुझ्याशी बोलणं टाकलं होतं. पुढच्या चहापर्यंत.

मग आली ती फायनल. अर्जेंटिना आणि फ्रान्स.

डिसेंबरचे दिवस, यार्डात कापसाचे डोंगर. मी ठरवलं, सिंदी ही फायनल मोबाईलमध्ये डोकं घालून बघणार नाही. शिकवणीवाल्या सरांचा प्रोजेक्टर आणला, दोन बांबूंच्या मध्ये माझं मंडपाचं पांढरं कापड ताणलं, भोंगा खांबावर चढवला आणि टीव्हीचा आवाज बंद करून माईक स्वतः घेतला. परक्यांच्या बोलण्यावर आपण का भरवसा ठेवायचा? माणसं एवढी आली की यार्डाची जमीन दोन बोटं खचली. (बोल ना. "एक बोट" तरी म्हण.)

तू उशिरा आलास. शेवटची गाडी तपासत होतास. पुढं मुंगीला जागा नव्हती, तेव्हा तू शांतपणे कापडाच्या मागं गेलास, कापसाच्या ढिगावर शेषशायी होऊन पडलास आणि मागून बघायला लागलास. कापड पातळ, तिकडूनही सगळं स्वच्छ दिसत होतं. फक्त उलटं. हे त्या वेळी ना तुझ्या लक्षात आलं, ना माझ्या.

बुटक्यानं पहिला गोल केला, मी भोंग्यातून वर्ध्यापर्यंत बातमी पोचवली. दुसरा गोल झाला, मी तोंड गोड करायला गोरसपाकचा डबा उघडला. तेवढ्यात कापडाच्या मागून तुझा आवाज आला, "डबा बंद कर बे शंकऱ्या! अजून तळातला कापूस पाह्याचा हाय."

मी माईकवरच ओरडलो, "जळून राह्यला का बे?"

"मी काऊन जळू? पण तुह्या बुटक्याचा उजवा पाय आज बरा चालून राह्यला."

"उजवा? डावखुरा हाय थो! जगाले माहीत हाय!"

"जगाले माहीत असन. मी डोयानं पाहून राह्यलो. उजवा."

"चष्मा पूस!"

"तू पूस!"

जगाची फायनल चालू, आणि सिंदीच्या यार्डात भोंग्यावर डावा-उजवा चाललाय. पुढचे लोक हसताहेत, कोणी म्हणतंय, बापूरावले इकडं आणा, कोणी म्हणतंय, शंकऱ्याले तिकडं पाठवा. आणि त्याच गडबडीत तुझ्या तळातल्या कापसानं तोंड वर काढलं. फ्रान्सच्या त्या वाऱ्याच्या पोरानं एक मारला. आम्ही श्वास घेतो न घेतो तोच दुसरा मारला. दोन-दोन! माझ्या डोक्यावरचे होते नव्हते ते केस त्या दोन मिनिटांत पांढरे झाले. गोरसपाकचा घास घशात अडकला. जादा वेळात बुटक्यानं पुन्हा एक घातला, मी नाचलो; पोरानं पुन्हा बरोबरी केली, मी बसलो. तीन-तीन. आता पेनल्टी.

मी माईकवर म्हणालो, "मायबापहो, काळीज हातात धरा!"

आणि तू उठलास. अंगावरचा कापूस झटकलास, कापडाच्या कडेनं पुढं आलास आणि सगळ्यांदेखत जाहीर केलंस, "खेळ संपला. तीन-तीन."

"अरे, पेनल्टी बाकी हाय!"

"थो खेळ नोहे. दोन गाड्याचा धागा सारखा निघाला, तं भाव काय नाणं फेकून ठरवतं का? सारखा म्हंजे सारखा. पुढून पाह्य नाई तं मागून पाह्य, तीन-तीन."

"बापूराव, बस नं लेका! आज बुटक्याचं सोनं होते."

"माह्या लेखी आखूड थो आखूड. मॅच तीन-तीन. मी चाललो."

ढिगातून एक पुंजका ओढलास, त्याचे दोन बोळे केलेस, एक या कानात, एक त्या कानात, आणि निघालास. अख्खं यार्ड तुझ्या पाठमोऱ्या शर्टाकडे बघत राहिलं. मला असा संताप आला, बापूराव! वीस वर्षं ज्या क्षणासाठी भांडलो तो क्षण आला, आणि ज्याच्याशी भांडलो तोच उठून चालला.

मी काय केलं, आठवतं? खांबावर माणूस चढवला आणि भोंग्याचं तोंड तुझ्या गल्लीकडे वळवून घेतलं. पुढं बसलेल्यांना डोळे होते, त्यांना कशाला आवाज हवा? मी त्या पेनल्ट्या तुला सांगितल्या, एकट्याला. अर्जेंटिनाचा गोलकीपर माझ्या तोंडून आपल्या पाण्याच्या टाकीएवढा झाला. त्याचे हात एका दांडीपासून दुसऱ्या दांडीपर्यंत लांबले आणि वरून उरले. बुटका बॉलजवळ गेला तेव्हा मी म्हणालो, "बापूराव, ऐकून राह्यला का? धागा ताणला रे, ताणला, ताणला... नाई तुटला!" शेवटचा गोल झाला तेव्हा मी काय ओरडलो ते मलाच माहीत नाही. लोक सांगतात, सेवाग्रामपर्यंत कुत्री भुंकायला लागली होती. हे लोक सांगतात, मी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टपरीवर तू आलास. मी हार घालून बसलो होतो, स्वतःच स्वतःला घातलेला. म्हटलं, "बोल आता!"

तू चहा मागवलास आणि म्हणालास, "काय बोलू? तीन-तीन."

मग कोणीतरी तुला कापडाची उलटी बाजू समजावून सांगितली. डावा पाय मागून उजवा दिसतो, हे पटवायला मधूनं गिऱ्हाइकाच्या पंच्याचा पडदा धरून पाय नाचवून दाखवला. तू सगळं बघितलंस. म्हणालास, "असन. मंग तीन-तीनच बरं. दोन्हीकडून सारखं दिसते."

तेव्हापासून तुझ्या जगात तो कप कोणाकडेच गेला नाही. वर्तमानपत्र समोर धरलं, तू पान उलटलंस. पोरांनी मोबाईलवर बुटका कप उचलताना दाखवला, तू म्हणालास, "भांडं चांगलं हाय." नवा माणूस टपरीवर आला की आम्ही मुद्दाम विचारायचो आणि तू मुद्दाम सांगायचास. मी रोज चिडायचो. रोज! सकाळी उठलो की आज बापूरावकडून बुटक्याला पास करून घ्यायचाच, या एका हट्टावर माझे गुडघे यार्डापर्यंत चालायचे. बायको म्हणायची, एवढं देवाच्या मागं लागला असता तर. पण देव कुठं वाद घालतो?

दवाखान्यात तू इतका बारीक दिसत होतास की मला बोलायला सुचेना. आता बघ, माझं बोलणं बंद पडलं ही गोष्ट मी स्वतः सांगितली तरी कोणी मानणार नाही. मनात एकच होतं. आज तरी म्हण, एकदाच म्हण, बुटका पास. पण नळ्या लावलेल्या माणसाशी भांडायचं कसं? तूच डोळे उघडलेस आणि म्हणालास, "बब्बूचं सांग."

मी सांगायला लागलो. फायनल, मैदान, सायडिंग. आणि तुला बरं वाटावं म्हणून, तुझ्या मनासारखं व्हावं म्हणून म्हणालो, "...आणि कडेला मालगाडी उभी होती."

तुझ्या कपाळाला आठी पडली. "काऊन बे? आज गाडी उभी काऊन?"

"तूच तं म्हणतं, उभी होती म्हून."

"मी म्हणन नं थे. तू कायले म्हणतं? तू चालव."

मी तोंड फिरवलं, डोळे पुसले, आणि गाडी चालवली. बापूराव, तशी मालगाडी भारतीय रेल्वेनं कधी चालवली नसेल. दोन इंजिनं लावली. धूर काढला. शिट्टी वाजवली तेव्हा नर्सबाई धावत आल्या. बॉल वाघिणीत पडला, बल्लारशाला गेला, परत आला, बब्बूनं वरच्या वर गोलात घातला. मग मी थांबलो. जागा ठेवली.

"उभी होती," तू म्हणालास.

ते तुझं माझ्याशी शेवटचं बोलणं. लोकांना असल्या वेळी उपदेश मिळतो, आशीर्वाद मिळतो. मला माझी गाडी थांबवून मिळाली. मी तक्रार करत नाही. माझ्या संशयाचं उत्तरही त्यातच मिळालं. तुला सगळं कळत होतं, लेका, पहिल्यापासून.

पण बुटक्याचं राहिलंच होतं. तुझ्या तेरवीला मंडप मी घातला, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. कापड तेच लावलं, फायनलचं. अलीकडे पुरुषमंडळी, पलीकडे बायका आणि चुली. जेवणं झाल्यावर लोक म्हणाले, शंकरभाऊ, दोन शब्द बोला. मला दोन शब्द कधी बोलता आलेत? माईक घेतला आणि फायनलच सांगितली. डावा-उजवा सांगितला, लोक रडता रडता हसले. मग म्हणालो, "आणि मायबापहो, बापूरावनं दोन्ही कानात कापसाचे बोळे घातले, घरी गेला, आडवा झाला, आणि सकाळपर्यंत जगात काय झालं याचा त्याले पत्ता नाई!"

आणि थांबलो. बापूराव, शप्पथ सांगतो, मी मुद्दाम नाही थांबलो. जिभेला सवय. भोंगा नुसता घरघरत राहिला. पुढच्या रांगेतला मधू खाली बघायला लागला. मला वाटलं, आता हे सगळे पुन्हा त्या माना हलवणार.

तेवढ्यात कापडाच्या मागून आवाज आला.

"बाकी ठीक हाय. पण कानात कापूस नोता."

कुसुमवहिनी! डोळ्यांना पदर लावलेला, पण आवाज खणखणीत. मी कापड बाजूला सारलं. म्हटलं, "वहिनी, अख्ख्या यार्डानं पाह्यलं, त्यानं बोळे घातले म्हून."

"घातले असन यार्डात. अंगणात आल्यावर काढले. बाजेवर बसले आन् तुमचा भोंगा आयकला, शेवटपर्यंत. मी म्हटलं, आत चला, थंडी हाय. तं म्हणे, थांब. शंकऱ्या माह्यासाठी बोलून राह्यला."

मला काही दिसेना. तरी विचारलं, कारण विचारल्याशिवाय मला राहवत नाही, "अन् थे बोळे फेकले कुठी?"

वहिनी वैतागल्या, अगदी नेहमीसारख्या. "फेकतात कायचे! दुसऱ्या दिवशी शर्ट धुवाले काढला, तं खिशात."

बापूराव, मंडपात यार्डातली माणसं बसली होती. हमाल, गाडीवाले, दलाल. तुझ्या खिशात काय जातं, ते कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. मधूच्या हातातलं पाण्याचं भांडं कलतं झालं आणि पाणी सतरंजीवर सांडत राहिलं.

म्हणजे तू सगळं ऐकलंस. टाकीएवढा गोलकीपर ऐकलास, ताणलेला धागा ऐकलास, न तुटलेला ऐकलास. आणि पुंजका खिशात घालून, दुसऱ्या दिवशी सकाळी टपरीवर येऊन, माझ्या तोंडावर तीन-तीन म्हणालास. तेव्हापासून रोज म्हणत राहिलास. मला रोज चालत यायला कारण दिलंस. इतका लुच्चा माणूस मी आरशातसुद्धा पाहिलेला नाही.

आता एकच सांग. तो पुंजका कोणाचा? बुटक्याला पास केलंस, की भोंग्यात बोलणाऱ्याला? मी वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, "खिसा उलटा करताना मी थे कायले विचारू जी?" म्हणजे उत्तर कोणाकडेच नाही. मी स्वतःशी दोन्ही बाजूंनी भांडून पाहिलं. कधी वाटतं बुटका, कधी वाटतं मी. दोन्ही बाजू सारख्याच निघतात.

काल मधूनं मुद्दाम खोड काढली. वर्ध्याहून आलेला कोणी बियाण्यांचा विक्रेता बाकावर बसला होता, त्याच्यादेखत म्हणाला, "शंकरभाऊ, त्या अर्जेंटिना-फ्रान्सच्या फायनलचा निकाल काय लागला होता जी?" सगळ्यांचे डोळे माझ्यावर. माझ्या बुटक्यानं कप उचललेला मी या डोळ्यांनी पाहिलाय, बापूराव, कापडाच्या सरळ बाजूनं पाहिलाय.

कपात फुंकर घातली. घोटभर चहा घेतला.

म्हणालो, "तीन-तीन."